फरशीखालचा उंबरा

"ताई, एकदा येऊन बघ तर खरं, आपलं देऊळ ओळखू येणार नाही!" धाकट्या भावाने फोनवर हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. गेल्या श्रावणात गेले. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं.

माहेरचं गाव कऱ्हेच्या खोऱ्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. भाऊ देवळाच्या कमिटीत आहे, पुतण्याला तिथंच राहायचंय आणि मी इथं जे लिहिते ते घरातले निम्मे लोक वाचतात. शिवाय नाव लिहून करायचंय काय? ज्यांना गाव आहे त्यांनी आपापल्या गावाचं नाव घालून वाचावं, फारसा फरक पडणार नाही.

देऊळ महादेवाचं. पूर्वेला तोंड. आधी दोन दीपमाळा, मग नंदी, मग काळ्या दगडाच्या सोळा खांबांचा सभामंडप, मग अंधारा छोटा अंतराळ आणि तीन पायऱ्या उतरून गाभारा. मंडपाच्या मधोमध जमिनीत एक गोल दगड, त्याला रंगशिळा म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लहानपणी तो आमच्या सागरगोट्यांचा दगड होता. गाभाऱ्याच्या दाराला पाच शाखा, म्हणजे चौकटीत चौकट अशा पाच कोरीव पट्ट्या. एकीवर वेल, एकीवर नुसते हिऱ्याच्या आकाराचे ठसे, मधली खांबासारखी. वर गणपती. आणि खाली उंबरा. मधे अर्धगोल पुढे आलेला, दोन्ही बाजूंना एकेक कीर्तिमुख, म्हणजे डोळे वटारलेलं, दात विचकलेलं तोंड. आई आम्हाला उंबऱ्यावर पाय देऊ द्यायची नाही. महादेवाने एका राक्षसाला "स्वतःलाच खा" म्हणून सांगितलं, त्याने पायापासून सुरुवात केली आणि शेवटी तोंड तेवढं उरलं, म्हणून देवाने त्याला आपल्या दारात मानाची जागा दिली, ही गोष्ट ती दर सोमवारी सांगायची. हळदकुंकू आधी त्या दोन तोंडांना, मग पिंडीला. शेकडो वर्षांच्या बोटांनी त्यांची नाकं झिजून गुळगुळीत झाली होती.

आता तिथं ग्रॅनाइट आहे. चकचकीत, पाय घसरेल असं. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं काँक्रीट ओतून गाभारा आणि अंतराळ एका पातळीवर आणलाय, "म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या नकोत" म्हणून. (म्हातारी माणसं म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही.) दाराच्या शाखांवर पांढऱ्या फरशा, खांबांना तेलरंग: खाली चॉकलेटी, वर पिवळा, मधल्या फुलांना लाल. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींना गुलाबी अंग आणि काळे केस. वर विटा-चुन्याचं जुनं शिखर होतं, त्याला सिमेंटचा गिलावा आणि आकाशी रंग. आणि मंडपात शिरल्याशिरल्या उजव्या हाताला देणगीदारांची भिंत.

त्या भिंतीवर तिसऱ्या ओळीत माझ्या आईचं नाव आहे. "कै." लावून, खाली "यांचे स्मरणार्थ कन्येकडून रु. ११,०००".

तेव्हा या लेखात मी ज्यांच्यावर रागावणार आहे त्यांच्यात पहिली मी, हे आधीच सांगते. भावाने फोन केला, जीर्णोद्धार काढलाय म्हणाला, मी धनादेश पाठवला. काय करणार, कसं करणार, कोण करणार, एक प्रश्न विचारला नाही. पेन्शनीतून दिले म्हणून उलट स्वतःवर खूश झाले. ज्या उंबऱ्याला आईने आयुष्यभर हळदकुंकू वाहिलं तो तिच्याच नावाच्या पैशांनी गाडला गेला.

आता दुसरा गुन्हा. बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची मुलं असायची, सातारा, लातूर, जळगाव, सगळीकडून आलेली. "तुमच्या गावात जुनं देऊळ आहे का?" विचारलं की वर्गातले निम्मे हात वर. "कुणी बांधलं?" अर्धे म्हणायचे पांडवांनी एका रात्रीत, उरलेले म्हणायचे हेमाडपंतांनी. मी पांडववाल्यांना हसून खाली बसवायची आणि हेमाडपंतवाल्यांना शाबासकी द्यायची. "हेमाडपंती म्हणजे चुना न वापरता दगडावर दगड रचून बांधलेले देऊळ" ही व्याख्या मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल त्याची गणती नाही. दोन गुणांचा प्रश्न होता.

निवृत्तीनंतर जरा वाचायला सवड मिळाली तेव्हा लक्षात आलं की मी दोन्हीकडच्या मुलांना सारखंच चुकीचं शिकवलं. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामदेवराव यादवांचा अधिकारी. महादेव गादीवर आला १२६१ च्या सुमारास. आणि अंबरनाथचं शिवमंदिर? त्याच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचं. हेमाडपंतांच्या दोनशे वर्षं आधी! खिद्रापूरच्या कोपेश्वरात यादव राजा सिंघणाचा लेख आहे तो १२१३-१४ चा, म्हणजे देऊळ त्याच्याही आधी उभं होतं. सिन्नरचा गोंदेश्वरही बाराव्या शतकातला मानतात. बिनचुन्याचे घडीव दगड एकमेकांत खाचा-कुसवांनी बसवायची पद्धत या सगळ्यांत आहे. मग हेमाडपंतांनी नक्की काय शोधून काढलं? तो मोठा विद्वान होता, 'चतुर्वर्गचिंतामणी'सारखा ग्रंथ त्याचा आहे, आपण त्याच्या नावावर मोडी लिपी घातली, बाजरी घातली, आणि उरलीसुरली सगळी देवळंही घातली.

"बाई, एवढ्याशा नावाने काय बिघडतं?" असं आमच्या जुन्या सहकारी बाईंनी विचारलं. बिघडतं ते असं. एकदा 'हेमाडपंती' म्हटलं की पुढे बघायचं कारण उरत नाही. अंबरनाथच्या शिखराची ठेवण भूमिज, म्हणजे चार बाजूंनी खालून वर जाणाऱ्या चार पट्ट्या आणि मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक. गोंदेश्वरही त्याच जातीचा, पण पंचायतन, मधे मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान. खिद्रापूरला पुढचा मंडप मधोमध आकाशाला उघडा, त्याला स्वर्गमंडप म्हणतात. यातलं प्रत्येक देऊळ निराळ्या माणसांनी, निराळ्या राजाच्या अमलात, निराळा विचार करून बांधलंय. हेन्री कझिन्स नावाच्या साहेबाने १९३१ साली दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर जाडजूड पुस्तक काढलं, डॉ. गो. बं. देगलूरकरांनी आयुष्य या अभ्यासात घातलं, आणि आपण दोन गुणांच्या व्याख्येवर भागवलं. ज्या वस्तूला वय नाही, कर्ता नाही, फक्त एक सरसकट नाव आहे, तिच्यावर फरशी ठोकताना हात कशाला थरथरेल? गावातल्या कमिटीची पोरं माझ्यासारख्याच कुणा बाईकडे शिकलेली असणार.

पांडवांच्या रात्रीचंही तेच. गोष्ट म्हणून गोड आहे, पण तिने पाथरवटांचं श्रेय खाल्लं. काळा दगड किती कठीण असतो हे ज्याने पाटा टाकवून घेतलाय त्याला विचारा. त्यात वेलीचं एकेक पान सोडवायचं, ते रात्रीत?

आता भावाची बाजू. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण गावात राहिलाय. तो म्हणाला, "ताई, तू देहूरोडला राहतेस. तिथून दगडाचं कौतुक करायला काय जातंय? इथं चार महिने देऊळ गळायचं. गाभाऱ्यात घोटाभर पाणी, साप निघायचे. शिखरातून पिंपळ उगवला होता. एका सरकारी कचेरीत तीन वर्षं अर्ज दिले, ते म्हणाले तुमचं देऊळ आमच्या यादीत नाही. यादीत नाही तर आम्ही काय करायचं, पडू द्यायचं?"

हे खोटं नाही. महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत आणि केंद्राच्या यादीत राज्यातल्या तीनशेच्याही आत वास्तू. राज्य सरकारचा १९६० चा कायदा आहे, त्याची यादी निराळी, तीही गावांच्या मानाने चिमूटभर. म्हणजे बहुतेक गावांतलं देऊळ कुणाचंच नाही. यादीतलं असेल तर एक खिळा ठोकायलाही परवानगी लागते, आणि यादीत नसेल तर बाराव्या शतकातल्या दारावर यंत्राने भोकं पाडली तरी विचारणारा कुणी नाही. त्याहून वाईट म्हणजे ज्याला नीट करायचंय त्याला सल्ला देणाराही कुणी नाही. सरकारने सगळी देवळं ताब्यात घ्यावीत असं मी म्हणत नाही, देव माणसांत राहिला पाहिजे. पण प्रत्येक जिल्ह्याला चुन्याचं काम जाणणारा एक अभियंता आणि दोन गवंडी ठेवता येत नाहीत? "या, आमचं देऊळ बघून जा" म्हणून फोन केला तर येणारे. एका उड्डाणपुलाच्या रंगकामात त्यांचा जन्माचा पगार निघेल.

पण भाऊराया, गळतं छप्पर. मग फरशी दारावर का?

यावर तो गप्प बसला. मग म्हणाला, "सगळंच केलं एकदम. लोकांनी पैसे दिले होते."

इथं खरी मेख आहे. पिंपळ काढायचा, शिखरातल्या भेगा चुन्याने बुजवायच्या, छतावरचं पाणी बाहेर टाकणारी जुनी पन्हळ मोकळी करायची, गाभाऱ्यातलं पाणी जाणारं गोमुख मातीने बुजलं होतं ते उकरायचं. एवढ्यात काम झालं असतं. पण हे काम केल्यावर दिसत नाही! त्यावर कुणाचं नाव घालता येत नाही, उद्घाटनाला कुणाला बोलावता येत नाही. फरशी दिसते, रंग दिसतो. आमच्या या पट्ट्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. द्रुतगती मार्ग आला, तळेगाव-चाकणकडे एमआयडीसीसाठी जमिनी गेल्या, गुंठ्यांना सोन्याचा भाव आला, आणि गावोगावची लाकडी महिरपींची, कौलारू मंडपांची देवळं भराभर उतरवून तिथं स्लॅब पडले. लोकांची भक्ती खोटी होती असं मी मुळीच म्हणणार नाही. पैसा हातात आल्यावर माणूस आधी देवाचं घर बांधायला निघतो यात वाईट काय आहे? वाईट एवढंच की आपल्याला "नवं केलं" म्हणजेच "चांगलं केलं" वाटतं.

आणि जे केलं ते टिकाऊ तरी आहे का? जुन्या देवळाची भिंत म्हणजे आत-बाहेर घडीव दगडाचे दोन पडदे आणि मधे गोट्यांची भर. वरून थोडं पाणी उतरतंच, ते सांध्यांतून हळूहळू वाळून बाहेर पडतं. चुना पाणी घेतो आणि सोडतो. सिमेंट आणि तेलरंग सोडत नाहीत. बाहेरून तोंडं बंद केली की तो ओलावा आत अडकतो, मग गाभाऱ्याच्या भिंतींना घाम फुटतो, रंगाला फोड येतात, फरशा सुटतात. शिखराच्या जुन्या विटा मऊ, सिमेंट कडक. गिलावा तसाच राहतो आणि मागची वीट भुगा होते. आमच्या देवळात एका पावसात गाभाऱ्यात बुरशीचे डाग आले. कमिटी आता पुन्हा रंग काढायच्या विचारात आहे, "जरा भारी कंपनीचा".

पुतण्या कॉलेजात शिकतो, त्याने मात्र मला खरंच अडवलं. म्हणाला, "आत्या, पेशव्यांच्या काळात लोकांनी दगडी देवळावर विटांचं शिखर चढवलं, तेही नवंच होतं ना? तेव्हा तुझ्यासारखी एखादी आत्या रडली असेल. मग त्यांचं ते वारसा आणि आमची ती नासधूस, हे कसं?"

दोन रात्री या प्रश्नाने झोप आली नाही. कारण तो म्हणतो ते खरंच आहे. जुनं देऊळ एका काळाचं कधीच नसतं. आमच्याच भागातला भुलेश्वर घ्या. आतली कोरीव भिंत यादवकाळातली, इतकी नाजूक की दगड की लोणी असं वाटावं, आणि बाहेरचं, वरचं पुष्कळसं बांधकाम मराठेशाहीतलं, विटा-चुन्याचं, निराळ्याच वळणाचं. लोणी भापकरला पुष्करिणीजवळ यज्ञवराहाची देखणी मूर्ती आहे. वराह हा विष्णूचा अवतार, आणि गावातलं नावाजलेलं जुनं देऊळ मल्लिकार्जुनाचं. म्हणजे देवही जागा बदलतात. आमच्या गच्चीवरून घोरवडेश्वराचा डोंगर दिसतो. तिथं बौद्ध लेणी कोरली गेली, पुढे चैत्यगृहात महादेवाची पिंड आली, त्याच डोंगरावर तुकोबा एकांताला बसत. स्तूप गेला आणि पिंड आली, हे काही हळुवारपणे झालं नसेल. बदल हा सोवळ्यात होत नाही.

तरीही फरक आहे, आणि तो मला असा दिसतो. घोरवडेश्वरला एका लेण्याच्या भिंतीवर ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकट इथल्या उसभणक नावाच्या नांगर धरणाऱ्या कुटुंबियाच्या बायकोने, सियगुतणिकेने, मुलासह हे लेणं दान दिलं, असं त्यात आहे. कुणा शेतकऱ्याची बायको, अठराशे वर्षांपूर्वीची! राजांची नावं पाठ करून घेता घेता माझी हयात गेली आणि ही बाई माझ्या घराच्या डोक्यावर बसली होती. तिचं नाव आपल्याला कळतं, कारण नंतर आलेल्यांनी पिंड बसवली तरी तिची भिंत घासली नाही. पेशवाईतल्या गवंड्याने आमच्या देवळावर शिखर चढवलं ते जुन्या भिंतीच्या वर. खालची भिंत त्याने तशीच ठेवली, त्यामुळे इथं दगड संपला, इथं वीट सुरू झाली, हे पाचवीतलं पोर बोट ठेवून सांगू शकतं. त्याने जुन्यात भर घातली. आम्ही जुन्यावर झाकण घातलं. पुतण्याला हे पटलं की नाही माहीत नाही, "हं" म्हणाला. हल्लीच्या मुलांचं "हं" ओळखणं कठीण.

देणगीच्या पाट्यांवर मी तोंडसुख घेणार होते, पण तिथंही अडले. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणजे काय आहे? शके ११९५ पासूनचा, १२७३ सालापासूनचा, विठ्ठलाच्या देवळाला कुणी किती दिलं त्याची यादीच! लोक त्या दगडाला पाठ घासायचे, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. रामदेवराव यादवाचं नाव त्यात आहे आणि साध्या माणसांचीही. म्हणजे देणगीदारांची भिंत ही आपली सातशे वर्षांची परंपरा ठरली. मान्य. मीही नाव घालायच्या विरुद्ध नाही. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरावर काम कधी सुरू झालं आणि कधी पुरं झालं ते कोरून ठेवलंय, शके १५८० आणि १५८१, म्हणजे १६५८-५९. किती छान केलं! नाव घाला, तिथी घाला, पण ते एका निराळ्या दगडावर, बाजूला. दुसऱ्याच्या लेखावर आपला लेख डकवायचा नाही, एवढीच अट.

कारण त्या जुन्या दगडावर काय असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. चाळीसगावजवळ पाटणला देवीच्या देवळात एक शिलालेख होता. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथं मठ काढला आणि त्याला शके ११२८ मध्ये दान मिळालं, असा तो लेख. भास्कराचार्यांच्या घराण्याची पिढ्यांची नावं आपल्याला त्यातून कळतात, शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे. भाऊ दाजी पोचायच्या आधी तिथं एखादी उत्साही कमिटी पोचली असती तर? आमच्या दाराच्या डाव्या शाखेखाली चार-पाच ओळी खरवडल्यासारखं काहीतरी होतं. लहानपणी आम्ही त्याला मुंग्यांची रांग म्हणायचो. अक्षरं होती की पाथरवटाच्या छिन्नीच्या रेघा, देव जाणे. आता देवही जाणणार नाही, त्याच्या बाजूनेही फरशी आहे.

माझी भाची फ्रान्समध्ये ल्योंजवळ असते. २०१५ साली तिच्याकडे दीड महिना राहिले तेव्हा ती मला एका खेड्यातल्या चर्चमध्ये घेऊन गेली. नाव घ्यावं असं प्रसिद्ध काही नाही, गावची वस्ती आमच्या वाडीएवढी. दाराशी एका पुठ्ठ्यावर त्या चर्चचा नकाशा चिकटवला होता, चार रंगांत. हिरवा भाग बाराव्या शतकातला, पिवळा पंधराव्या, निळा सतराव्या, करडा मागच्या शतकातली दुरुस्ती. बस्स! मी तो पुठ्ठा हातात धरून फिरले आणि एक अक्षर भाषा न येता मला ते चर्च वाचता आलं. कमान गोल होती ती कुठं टोकदार झाली, नवा खांब जुन्याला कुठं चिकटला, सगळं. भाचीने सांगितलं की तिकडे १९०५ च्या कायद्याने धर्म आणि सरकार वेगळे झाले आणि गावातली जुनी चर्चं गावाच्या, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीच्या मालकीची झाली. पाद्री प्रार्थना करतो, छप्पर पंचायत बघते.

त्यांनी काही मूर्खपणा केला नाही असं नाही हं. एकोणिसाव्या शतकात तिकडेही जीर्णोद्धाराची अशीच लाट होती. तिथला मोठा वास्तुकार व्हिओले-ल्य-द्युक जुन्या इमारती मूळच्याहूनही मूळ करून दाखवायचा, जे कधी नव्हतंच ते बांधायचा. इंग्लंडात त्याच प्रकाराला कंटाळून विल्यम मॉरिसने १८७७ साली मंडळ काढलं: पाडू नका, खरवडू नका, रोज थोडी डागडुजी करा. ते मंडळ अजून चालू आहे. म्हणजे आपण जगावेगळे अडाणी नाही, फक्त दीडशे वर्षं उशिरा तीच चूक करतोय, आणि यंत्रं जास्त असल्यामुळे जोरात करतोय.

आणि आपल्याकडे जमतच नाही असं कुणी म्हणू नये. पंढरपूरला २०२४ साली विठ्ठल मंदिराचं जतनाचं काम निघालं. गाभाऱ्यातली चांदी उतरवली, मागाहून बसवलेल्या फरशा काढल्या, खालचं दगडी काम मोकळं केलं. त्यासाठी मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पायांवरचं दर्शन बंद होतं, वारकऱ्यांनी ते सोसलं. मेअखेर हनुमान दरवाज्याजवळ एक तळघर सापडलं, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. विठोबाच्या दारात जर फरशी काढता येते, तर आमच्या महादेवाच्या दारात का नाही येणार?

हेच भावाला म्हटलं. तो म्हणाला, "ताई, लोकांनी श्रद्धेने दिलेलं काढायचं म्हणजे भांडणं होतील."

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचं काढू नकोस. माझं काढ. देणगीच्या पावतीवर मीच लिहून घेतलं होतं की पैसे "गाभाऱ्याचे दारासाठी" वापरावेत. म्हणजे दारावरच्या आणि उंबऱ्यावरच्या फरशा हिशेबाने माझ्या आहेत. कमिटीला रीतसर पत्र दिलंय: माझ्या देणगीचं काम मला नको, ते उतरवावं, पैसे परत नकोत, आणि भिंतीवरचं आईचं नावही काढलं तरी चालेल. पत्र वाचून अध्यक्ष म्हणाले म्हणे, बाईंचं वय झालं.

झालंय. म्हणून तर घाई आहे.

परवा भावाने न सांगता एक गोष्ट केली. गावातल्या एका जुन्या गवंड्याला घेऊन तो देवळात गेला. या गवंड्याचे वडील चुन्याच्या घाणीवर काम केलेले. त्याने काँक्रीट ठोकून पाहिलं आणि सांगितलं, यंत्र लावलं तर कीर्तिमुखाचं तोंड जाईल, पण छिन्नी आणि लाकडी ठोकणीने एकेक बोट सोडवलं तर निघेल. एक फरशी काढून पाहिली, तिच्यामागे सिमेंट दगडाला पक्कं धरलेलं नाही, जुन्या तेलाच्या आणि हळदकुंकवाच्या थरामुळे सुटं आहे. आठ दिवसांची मजुरी सांगितली. भावाने हे फोनवर सांगताना आवाज जरा खाली आणला होता, शेजारी कमिटीतलं कुणी असावं.

मजुरी मी देतेय. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की काम काढायचं ठरतंय. मी आठही दिवस तिथं स्टूल टाकून बसणार आहे, आणि भाचीसारखा चार रंगांचा एक नकाशा करायला पुतण्याला आलेखाची वही आणायला सांगितली आहे. तो पुन्हा "हं" म्हणाला.